वन्संची बाटली आणि शनिवारची गोळी

ताई,
मी ५८ वर्षांची, बडोद्यात दांडिया बाजारात राहते. नऊ वर्षांपासून आमवात आहे, डॉक्टर त्याला र्‍हुमॅटॉइड म्हणतात. दर शनिवारी मेथोट्रेक्सेट घेते आणि त्यावर बरं चाललं होतं. आमच्या वन्सं दर थंडीत न्यू जर्सीहून येतात आणि उत्तरायण करून परत जातात. यंदा त्यांनी माझ्यासाठी स्पर्मिडीनच्या कॅप्सूलची बाटली आणली. म्हणतात, याने प्रतिकारशक्ती पुन्हा तरुण होते, अंगातला दाह मुळापासून जातो, ती विषारी गोळी आता सोड. यांनी मोबाइलवर वाचलंय की हेच पॉलिअमाइन्स, म्हणजे स्पर्मिडीन ज्या कुटुंबातलं ते पदार्थ, कॅन्सर वाढवतात आणि आमवाताच्या सांध्यात ते आधीच जास्त असतात. बहीणभाऊ जेवताना भांडतात, मी पोळ्या वाढते. वन्संना वाईट वाटू नये म्हणून मी कॅप्सूल सुरू केली आणि गेले दोन शनिवार गोळी घेतली नाही. दोघांपैकी खरं कोण?
— मधल्या मध्ये

प्रिय मधल्या मध्ये,

सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता सांगितलीत. दोन शनिवार. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच बोलते. हे छापून तुमच्या हाती पडेल त्याच दिवशी तुमच्या र्‍हुमॅटॉलॉजिस्टना फोन करा आणि दोन डोस चुकलेत हे स्पष्ट सांगा. चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नका. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दवाखान्यात दाखल होतात, कधी जीवावरही बेततं. गोळी पुन्हा कधी आणि किती सुरू करायची, मधे रक्ताची तपासणी हवी का, हे तेच सांगतील. मेथोट्रेक्सेटचा परिणाम हळूहळू चढतो आणि हळूहळूच उतरतो. त्यामुळे दोन आठवडे काही झालं नाही, याचा अर्थ कॅप्सूलने काम केलं असा काढू नका. सांधे बिघडायला लागतात ते बहुतेक वेळा त्यानंतर.

आता तुमचा प्रश्न. खरं कोण? दोघंही. म्हणून तर तुमच्या टेबलावरचा वाद मिटत नाही.

मी आयुष्यभर बायोकेमिस्ट्री शिकवली. आमच्या प्रयोगशाळेत मागच्या कपाटात प्युट्रेसीनची एक तपकिरी बाटली असायची. हा पॉलिअमाइन कुटुंबातला सगळ्यात लहान भाऊ. तो साधारण २७ अंशांना वितळतो. बडोद्याच्या जानेवारीत बाटलीत पांढरा खडा होऊन बसायचा, आणि परीक्षेच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पाण्यासारखा पातळ व्हायचा. झाकण उघडलं की सडक्या मांसाचा वास. नावच त्यावरून पडलं आहे. १८८५ च्या सुमारास बर्लिनच्या लुडविग ब्रिगर यांनी तो कुजक्या मांसातून वेगळा केला. थोरला भाऊ स्पर्मीन त्याच्याही आधी दिसला होता. सतराव्या शतकात लेव्हेनहुक यांना वाळलेल्या वीर्यात त्याचे स्फटिक दिसले आणि पुढे नाव तिथूनच आलं. मधला तो तुमच्या बाटलीतला स्पर्मिडीन. नावं अशी आहेत म्हणून वर्गात मागच्या बाकावर खसखस पिकायची, आणि मीही तो धडा वीस मिनिटांत उरकून टाकायचे. पेशींच्या वाढीला हे पदार्थ लागतात, एवढं सांगितलं की पुढच्या धड्यावर. आज वाटतं, तेव्हा मुलांना मी फारच थोडं दिलं.

हे तीन भाऊ आपल्या प्रत्येक पेशीत असतात. थोडे पेशी स्वतः बनवते, थोडे अन्नातून येतात, थोडे आतड्यातले जिवाणू बनवून देतात. त्यांच्यावर धन विद्युतभार असतो, प्युट्रेसीनवर दोन, स्पर्मिडीनवर तीन, स्पर्मीनवर चार. डीएनए आणि आरएनए ऋणभारित असतात, त्यामुळे हे त्यांना चिकटून बसतात, त्यांना सावरतात. वाढणाऱ्या, दुभंगणाऱ्या पेशीला ते भरपूर लागतात. यजमानांनी वाचलेलं कॅन्सरचं प्रकरण इथून निघतं. बऱ्याच गाठींमध्ये हे बनवण्याचा कारखाना जोरात चालू असतो. तो कारखाना बंद पाडणारं एफ्लॉर्निथीन नावाचं औषध आहे. ते १९९० मध्ये आफ्रिकेतल्या निद्रारोगासाठी मान्य झालं, पुढे बायकांच्या चेहऱ्यावरचे नको असलेले केस रोखणाऱ्या मलमात गेलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत न्यूरोब्लास्टोमा या मुलांच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. पण म्हणून पॉलिअमाइन असलेली वाटाण्याची उसळ खाल्ली की कॅन्सर होतो, असं नाही. यजमानांना हे माझ्या नावाने सांगा. गाठीने स्वतःसाठी पॉलिअमाइन ओरपणं वेगळं आणि ताटातून रोज थोडं पोटात जाणं वेगळं. कॅन्सरवर उपचार चालू असलेल्या माणसाने मात्र अशी कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात टाकू नये.

आता प्रतिकारशक्तीकडे येऊ. वन्सं आणि तुम्ही ज्याला दाह म्हणता तो तिथेच ठरतो.

तुमच्या बडोद्यातल्या मांडवीच्या खाली उभं राहिलं की चार दरवाजांकडे चार रस्ते फुटतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आर्जिनीन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, डाळी-दाण्यांतून येणारं. ते भक्षक पेशीत, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीत, शिरलं की त्याच्यापुढेही असेच रस्ते असतात, आपल्या कामाचे त्यातले दोन. पेशी जंतूशी लढायच्या तयारीत असेल तर आर्जिनीनपासून नायट्रिक ऑक्साइड बनतो. तो जंतूंना जाळतो, आजूबाजूच्या पेशींनाही चटका देतो. पेशी जखम भरण्याच्या, आवराआवरीच्या कामाला लागलेली असेल तर आर्जिनेज हे विकर (एन्झाइम) आर्जिनीनला ऑर्निथीनकडे वळवतं, ऑर्निथीनपासून प्युट्रेसीन आणि पुढे स्पर्मिडीन. एका रस्त्याला जास्त माल गेला की दुसऱ्याला कमी. पुस्तकात हे चित्र फार स्वच्छ दिसतं. खरं तर ते उंदरांत स्वच्छ आहे. माणसाच्या भक्षक पेशी आर्जिनेज इतक्या शिस्तीने वापरत नाहीत. कंपन्यांच्या व्हिडिओत उंदीर आणि माणूस यांच्यातला हा फरक कधी येत नाही.

स्पर्मिडीनचं दुसरं काम मला जास्त मोहक वाटतं. पेशीत ईआयएफ-फाइव्ह-ए नावाचं एक प्रथिन असतं, इतर प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा मदतनीस. त्याच्या एका ठरावीक जागी स्पर्मिडीनचा तुकडा जोडला जातो आणि हायप्युसीन नावाचं एक अमिनो आम्ल तयार होतं. ते १९७१ मध्ये जपानी संशोधकांना गाईच्या मेंदूत सापडलं. अख्ख्या शरीरात ते याच एका प्रथिनात असतं, दुसरीकडे कुठेच नाही. ही कडी लागली नाही तर काही प्रथिनं नीट बनतच नाहीत, आणि त्यात पेशीच्या ऊर्जाघरांची, मायटोकॉन्ड्रियांची, बरीच आहेत. २०१९ मध्ये दिसलं की शांत, आवराआवरी करणाऱ्या भक्षक पेशींना ही कडी लागतेच. २०२१ मध्ये टी पेशींबद्दल आणखी एक गोष्ट कळली. टी पेशी म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्यांच्या शाखा असतात, कुणी जंतूंवर धावून जाणारी, कुणी इतरांना आवरणारी. ज्या उंदरांच्या टी पेशींना हायप्युसीन बनवता येत नव्हतं, त्यांच्या पेशी आपली शाखाच विसरल्या, भलत्याच शाखेचे संदेश सोडू लागल्या आणि त्या उंदरांची आतडी दाहाने सुजली. म्हणजे पॉलिअमाइन कमी पडल्यानेही दाह पेटतो.

यातलं एखादं वाक्य वन्संच्या व्हिडिओत नक्की असणार. वय वाढतं तसं प्रतिकारपेशींतलं स्पर्मिडीन कमी होतं, हेही खरं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी म्हाताऱ्या उंदरांच्या आणि वयस्क माणसांच्या बी पेशींना, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना, स्पर्मिडीन दिलं, तेव्हा पेशीतली साफसफाई पुन्हा सुरू झाली. तिला ऑटोफॅजी म्हणतात, त्या संशोधनाला २०१६ चं नोबेल मिळालं. २०२० मध्ये वयस्कांच्या टी पेशींतही तसंच काही दिसलं. त्याहून जुनी, १९९७ ची गोष्ट: स्पर्मीन रक्तातल्या पांढऱ्या पेशींना टीएनएफसारखे दाहाचे संदेश सोडू देत नाही, असं दिसलं होतं. टीएनएफ हे नाव तुम्ही तुमच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं असेल. त्याच्या विरोधातली महागडी इंजेक्शनं आमवातात देतात ना, तोच हा.

इथे एक आडवळण घेते, कारण प्रयोगशाळेत याने आम्हाला फार छळलं. पेशी बशीत वाढवताना त्यांच्या अन्नात गाईच्या वासराचा रक्तद्रव घालतात. त्यात एक विकर असतं जे स्पर्मीन आणि स्पर्मिडीन तोडून विषारी अल्डिहाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. पेशी मरायच्या किंवा गप्प व्हायच्या आणि पेपरात छापलं जायचं की पॉलिअमाइनने असं केलं. अर्धा पराक्रम गाईचा असायचा. म्हणून बशीतल्या प्रयोगावरचा मथळा वाचला की मी आधी विचारते, द्रव कोणता होता?

आता यजमानांची बाजू, आणि ती तुमच्या सांध्यांच्या जास्त जवळची आहे. २०२० मध्ये सोरायसिसबद्दल एक काम छापून आलं. सोरायसिस हाही आमवातासारखाच, स्वतःच्याच प्रतिकारपेशींनी उठवलेला आजार. तिथे त्वचेच्या पेशी फाजील पॉलिअमाइन बनवतात. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेला आरएनए एरवी लगेच नष्ट व्हायचा. पॉलिअमाइन त्याला चिकटून सांभाळून ठेवतात, प्रहरी पेशी त्याला विषाणूचा समजतात आणि गजर वाजवतात. धनभारित पदार्थ ऋणभारित आरएनएला सावरतो, हे मी वर चांगलं म्हणून सांगितलं होतं. तेच इथे नडलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे प्रतिकारपेशी मेंदू आणि मज्जारज्जूवरच हल्ला करतात तो आजार. त्यासारखा आजार उंदरांत उभा करतात, त्यात तर गंमत आहे. एका प्रयोगात टी पेशींना पॉलिअमाइन बनवूही दिलं नाही आणि बाहेरून घेऊही दिलं नाही, आजार कमी झाला. दुसऱ्या प्रयोगात उंदरांना स्पर्मिडीन दिलं, तरी आजार कमीच झाला. पहिल्यात हल्ला करणाऱ्या टी पेशींची संख्या वाढू शकली नाही. दुसऱ्यात भक्षक पेशी शांत बाजूला झुकल्या. कुठल्या पेशीत, कुठल्या वेळी, किती, यावर सगळं आहे. कॅप्सूल गिळताना यातलं काहीच आपल्या हातात नसतं.

आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या द्रवात पॉलिअमाइन वाढलेले सापडतात, हे यजमानांनी बरोबर वाचलं. आणि आता तुमची शनिवारची गोळी. प्युट्रेसीनपासून स्पर्मिडीन बनवायला एक तुकडा जोडावा लागतो, तो मेथिओनीन या अमिनो आम्लाकडून येतो, आणि मेथिओनीनची उठबस फॉलेट या ब जीवनसत्त्वावर चालते. मेथोट्रेक्सेट फॉलेटच्याच वाटेत आडवा पडतो. त्यामुळे आमवातात ही गोळी का लागू पडते, याचं एक जुनं स्पष्टीकरण असं होतं की ती पॉलिअमाइन कमी करते. आज ॲडेनोसीन नावाच्या, दाह थोपवणाऱ्या रेणूचं स्पष्टीकरण जास्त वजनदार मानतात. पण जुनंही कुणी पूर्ण टाकून दिलेलं नाही. तुम्ही दोन आठवडे काय केलंत ते पाहा. जी गोळी कदाचित ज्या पदार्थाला आवरून तुमचे सांधे वाचवते, ती बंद केलीत आणि तोच पदार्थ सुरू केलात. याने तुमचं नुकसान झालंच असं मी म्हणत नाही, मात्रा फार लहान आहे. पण वन्संना हा विनोद समजेल. हुशार आहेत त्या.

मात्रेचं बोलायचं तर बाटलीवरची अक्षरं चष्मा लावून वाचा. अशा बऱ्याच कॅप्सूलमध्ये साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास स्पर्मिडीन असतं. आपण रोजच्या जेवणातून सुमारे १० मिलिग्रॅम खातोच, कमीजास्त ताटावर अवलंबून. बर्लिनमध्ये १०० वयस्क माणसांवर एक चाचणी झाली, निम्म्यांना वर्षभर रोज ०.९ मिलिग्रॅम स्पर्मिडीन, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण स्पर्मिडीन नसलेल्या गोळ्या. २०२२ मध्ये निकाल आला: स्मरणशक्तीत दोन्ही गटांत फरक नाही. इटलीतल्या ब्रुनिको गावात ८२९ लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला, त्यात जास्त स्पर्मिडीन खाणारे कमी दगावले. हा आकडा सगळे विक्रेते सांगतात. पण ते लोक कॅप्सूल खात नव्हते. कोंड्यासकट धान्य, भाज्या, कडधान्यं खाणारी माणसं इतरही बऱ्याच बाबतीत बरी असतात, श्रेय कुणाला द्यायचं? आमवातावर मान्यता मिळालेलं औषध तर स्पर्मिडीन कुठल्याच देशात नाही. दुकानात ते पूरक आहार म्हणून मिळतं, आणि पूरक आहाराला औषधासारखी परीक्षा द्यावी लागत नाही.

मग खायचं काय? तुम्ही बडोद्यात राहून हे विचारावं! सेव उसळीतला वाटाणा हा स्पर्मिडीनचा चांगला साठा आहे. रस्सा ओतून देऊ नका, हे पदार्थ पाण्यात उतरतात. आत्ता थंडीत खंडेराव मार्केटात मटार, तुवेर, पापडी ढिगाने आलेली असेल, उंधियु करणारच तुम्ही. सोयाबीन, मशरूम, जुनं मुरलेलं चीज यांतही असतं. सगळ्यात जास्त गव्हाच्या बीजांकुरात, म्हणजे दाण्याच्या टोकाशी असलेल्या कोंबात, १०० ग्रॅममध्ये सुमारे २४ मिलिग्रॅम. बहुतेक कॅप्सूल त्यापासूनच बनवतात. (गव्हांकुराचा रस म्हणजे हिरव्या पात्यांचा रस, तो वेगळा. दुकानदार दोन्हींना एकच नाव देऊन मोकळे होतात.) चक्कीवर दळलेल्या पिठात हा कोंब राहतो, मैद्यात काढून टाकलेला असतो. तुमच्या घरच्या पोळीत वन्संच्या बाटलीचा कच्चा माल रोज येतो आहे. फक्त हे खाऊन सांधे बरे होतील म्हणून खाऊ नका. खायला छान लागतं आणि पोटाला चांगलं, एवढं कारण पुरे.

राहता राहिल्या वन्सं. पत्रात मला हेच जास्त दिसलं, की तुम्हाला नाही म्हणता आलं नाही. सासरी मोठ्या नणंदेने प्रेमाने आणलेली वस्तू परत करणं सोपं नसतं, मी दोन वन्सं सांभाळल्या आहेत. परत करू नका. बाटली पिशवीत घाला, वन्संना म्हणा, चला, माझ्या डॉक्टरांना दाखवून येऊ, तुम्हीच नीट समजावून सांगा त्यांना. दोघी मिळून जा. डॉक्टरांसमोर 'विषारी गोळी' या शब्दाचंही उत्तर मिळेल: ती मोठ्या मात्रेत कॅन्सरसाठी वापरतात म्हणून तिला ते नाव चिकटलं. आमवातात मात्रा फार कमी असते, आणि यकृत व रक्तपेशींवर नजर ठेवायला मधून मधून तपासण्या करतात. त्या तुम्ही वेळेवर करता ना? वन्सं असेपर्यंत एक करून घ्या, रिपोर्ट त्यांच्याच हातात द्या. अमेरिकेतल्या माणसाला रिपोर्ट वाचायला आवडतात.

आणि यजमानांना सांगा, पोळी वाढणाऱ्या बाईच्या सांध्यांवर भांडायचं असेल तर एक दिवस पोळ्या तुम्ही लाटा. बोटं सकाळी किती वेळ आखडतात ते त्यांनी घड्याळ लावून पाहावं. तीच वेळ डॉक्टरांना सांगायची असते, अर्धा तास की दोन तास, यावर आजार किती जागा आहे ते कळतं.

गोळी पुन्हा सुरू झाल्यावर तोंडात फोड आले, ताप आला, कोरडा खोकला किंवा धाप लागायला लागली, तर पुढच्या शनिवारची वाट न पाहता फोन करा. आणि तोंड आलं असेल त्या दिवशी सेव उसळीवर तिखट तर्री घेऊ नका, फार झोंबते.

तुमची,
ताई